शिरोडकर टाका : शस्त्रक्रियेला नाव कुणाचं लागतं?

आज कपाशी वेचणीच्या दिवसांतही तुम्ही एवढे जण आलात, आणि जे नेहमीप्रमाणे घरून ऐकताहेत तेही आहेत, तर थेट विषयालाच हात घालू.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात, सेवाग्रामला म्हणा की सावंगीला, बाळंतपणाच्या वॉर्डात एक शब्द रोज कानावर पडतो. नर्स डॉक्टरला विचारते, "हिचं शिरोडकर करायचंय का?" आर्वीकडची, समुद्रपूरकडची एखादी बाई चौथ्या महिन्यात भरती झालेली असते. तिच्या लेखी झालंय ते एवढंच, की "पिशवीला टाका घातला". कार्डावर डॉक्टर लिहितात शिरोडकर. ते माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस आपल्यासारखंच मराठी-कोकणी बोलणारा होता, हे तिला कुणी सांगत नाही. सांगायची वेळही ती नसते म्हणा.

पण आपल्याकडे आज वेळ आहे. शस्त्रक्रियांना माणसांची नावं का लागतात, कुणाची लागतात, कुणाची राहून जातात, हे आज आपण बघणार आहोत. या यादीत बहुतेक नावं युरोपची. बासिनी, वेर्थाइम, फोदरगिल, बिलरोथ. वैद्यकाचा विद्यार्थी ती पाठ करतो आणि विसरतो. त्या गर्दीत आपलं एक आडनाव टोकियोपासून टोरांटोपर्यंत प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. आणि गंमत बघा, आपली 'कर'वाली आडनावं गावाची असतात. म्हणजे त्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात खरं तर गोव्यातलं शिरोडा छापलेलं आहे. फोंडा तालुक्यातलं शिरोडा. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ दुसरं शिरोडा आहे, मिठाच्या सत्याग्रहाचं आणि खांडेकरांच्या शाळेचं. त्या दोघांत नेहमी घोळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ चा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२७ साली एम.डी., मग इंग्लंडला जाऊन १९३१ साली एफ.आर.सी.एस. परत येऊन त्याच ग्रँट मेडिकलमध्ये स्त्रीरोगाचे प्राध्यापक. चरित्र म्हणून एवढं पुरे. आपल्याला खरं रस आहे तो त्यांच्यासमोर येणाऱ्या बायकांमध्ये.

या बायका कोण? ज्यांना दिवस जातात, तीन महिने नीट पार पडतात, उलट्या थांबतात, पोट दिसायला लागतं, घरात डोहाळजेवणाची बोलणी सुरू होतात. आणि मग चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात, फारशा कळा न येता, मूल पडतं. एकदा नव्हे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बाळात दोष नसतो, आईला ताप नसतो, रक्तस्राव आधी झालेला नसतो. आपल्याकडे अशा बाईला काय काय म्हणत, हे इथे बसलेल्या आज्यांना विचारा. पायगुण, दृष्ट, देवाचा कोप. सासरी दुसऱ्या लग्नाचा विषय निघायचा. कित्येकींच्या बाबतीत तो नुसता निघालाच नाही, लग्नही झालं.

कारण तसं सरळ आहे. गर्भाशय ही तोंड खाली असलेली पिशवी. नऊ महिने ते तोंड आवळून बंद राहायला हवं. काही जणींचं ते जन्मतः सैल असतं, काहींचं आधीच्या बाळंतपणात किंवा पिशवी साफ करताना फाटलेलं असतं. गर्भाचं वजन वाढलं की ते हळूहळू उघडतं. कळा नसतात, कारण जोर लावून काही बाहेर ढकललं जात नाही. दार उघडं राहिलं म्हणून आतलं बाहेर येतं.

त्या काळी यावर उपाय म्हणजे पलंगावर पडून राहणं आणि संप्रेरकं. अमेरिकेत स्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम संप्रेरक गर्भपात टाळायला म्हणून भरपूर दिलं जायचं. १९५३ साली शिकागोत नीट तुलना करून पाहिलं तेव्हा त्याचा उपयोग होत नाही हे दिसलं. तरी ते चालूच राहिलं. १९७१ साली उघड झालं की ज्या आयांना ते दिलं होतं, त्यांच्या मुलींमध्ये तरुण वयात योनीमार्गाचा कर्करोग होतोय. एवढ्यासाठी हे सांगतो आहोत की शिरोडकरांनी सुई उचलली तेव्हा समोर दुसरा चांगला पर्याय होता आणि यांनी उगाच कापाकापी केली, असं नव्हतं. सैल तोंड शिवण्याचे प्रयत्नही त्याआधी झाले होते. शिकागोच्या लॅश आणि लॅश यांनी १९५० साली एक पद्धत मांडली, पण ती बाई गरोदर नसताना करायची.

शिरोडकरांनी टाका घातला तो गरोदरपणातच. हे धाडसाचं होतं. पोटातलं मूल जगवायचंय आणि त्याच्याच दाराशी सुई चालवायची. थोडं हललं तर जे टाळायचं तेच घडायचं.

कृती सांगतो, सोपी करून. साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर, योनीमार्गातूनच, पोट न उघडता. गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला आतल्या नाजूक त्वचेला छोटा छेद घ्यायचा आणि मूत्राशय अलगद वर सरकवायचं. मागच्या बाजूलाही छोटा छेद. म्हणजे अगदी वर, जिथे पिशवीचं आतलं तोंड असतं, तिथपर्यंत पोचता येतं. मग त्या त्वचेखालून दोन्ही बाजूंनी एक पट्टी फिरवून आणायची आणि गाठ मारायची. चुरमुऱ्याच्या पिशवीचं तोंड सुतळीने आवळतो ना, तसं. फरक एवढाच की ही सुतळी कातड्याखाली दडलेली. वरून पुन्हा त्वचा शिवायची. सदतिसाव्या-अडतिसाव्या आठवड्यात पट्टी काढायची, नाहीतर सीझर करायचं.

पट्टी कशाची? इथे जरा थांबू, कारण आम्हाला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडलेला तपशील हाच. सुरुवातीला शिरोडकरांनी वापरली ती त्या बाईच्याच मांडीतली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंवर एक चिवट पांढरं आवरण असतं, मटण साफ करताना दिसतं तसं. त्याची अरुंद चिंधी कापून काढायची आणि तिनेच तिच्या पिशवीचं तोंड आवळायचं. स्वतःच्या शरीराचा तुकडा, म्हणून शरीर त्याला परकं मानत नाही. पुढे मर्सिलीनची पाच मिलिमीटर रुंद विणलेली पट्टी आली आणि मांडी कापायची गरज संपली.

हे छापून आलं १९५५ साली, मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात. लंडनच्या मोठ्या नियतकालिकात नाही. लेख दोन पानांचा. आज कुणी एवढ्याशा लेखावर जगभर नाव होण्याची कल्पनाही करणार नाही. पुढे १९६० साली एडिंबरोहून त्यांचं स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रावरचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ साली पद्मविभूषण, आणि त्याच साली मार्चमध्ये ते गेले.

आता नावाची भानगड. दोन वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्डने याच कामाची दुसरी पद्धत छापली. त्याने छेदच घेतला नाही. गर्भाशयमुखाभोवती बटव्याची नाडी ओवावी तसे चार-पाच टाके घेऊन दोरा आवळला, बस. तोंडापासून थोडा खाली बसतो हा टाका, पण घालायला सोपा, काढायला त्याहून सोपा. शिरोडकरांची पट्टी दडलेली, ती काढायला पुन्हा त्वचा उघडावी लागते. त्यामुळे झालं असं की हाताने होतो तो टाका जगभर बहुतेक वेळा मॅकडोनाल्डचा. आपल्या दवाखान्यातही कार्डावर मॅकडोनाल्ड लिहिलेलं पुष्कळदा सापडेल. पण बोलताना भारतात अजून सरसकट "शिरोडकर" म्हणणारे आहेत. कल्पना एकाची, सवय दुसऱ्याची. आमच्या अभ्यासगटात यावर बराच वाद झाला. आम्हाला वाटतं, गरोदर बाईला टाका घालता येतो हे एकदा दाखवून दिलं की पुढची सोपी पद्धत कुणीतरी शोधतोच. मोठं पाऊल पहिलंच. पण सोपी पद्धत नसती तर तालुक्याच्या दवाखान्यात हा टाका पोचला नसता, हेही तितकंच खरं.

आणि अभिमानाच्या भरात एक गोष्ट झाकू नये. टाका नावाजला गेल्यावर तो गरज नसतानाही घातला जाऊ लागला. तो खरंच किती उपयोगी, हे मोजायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ब्रिटनमधून चालवलेल्या, अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा अंतिम अहवाल १९९३ साली आला. डॉक्टरांना टाका घालावा की नाही अशी शंका होती अशा १,२९२ बायका. निम्म्यांना टाका, निम्म्यांना नाही. तेहतीस आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या टाका घातलेल्यांत १३ टक्के, न घातलेल्यांत १७ टक्के. म्हणजे पंचवीस टाक्यांमागे साधारण एक लवकरचं बाळंतपण टळलं. ज्यांचं मूल तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा असं गेलं होतं, त्यांना फायदा स्पष्ट दिसला. शिरोडकरांकडे आधी आलेल्या बायका याच. नावाजलेल्या शस्त्रक्रियेचा धोका हा असा असतो. नाव पुढे चालत राहतं, आणि कुणासाठी होती ते मागे राहतं.

आता दीडशे वर्षं मागे, पुण्याला जाऊ. कारण नाव न लागल्याची सगळ्यात मोठी गोष्ट तिथली आहे.

१७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक माणूस होता. इंग्रजी वृत्तांतात त्याचं नाव कावसजी असं येतं आणि जात मात्र शेतकरी मराठा अशी. नाव पारशी, माणूस कुणबी. ऐकणाऱ्याने काय ऐकलं कोण जाणे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात तोडला. पुढे वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, वीट करणाऱ्यांच्या जातीचा होता. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, ते बघत होते.

त्याने मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. ती चकती कपाळावर सपाट ठेवून कड आखली. तेवढी कपाळाची कातडी सोलली, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. कातडी पिळून खाली आणली, नाकाच्या ठिकाणी बसवली. चिकटवायला काय? कात. पानातला कात, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधला तो दुवा कापला. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासकट छापून आलं. चित्र पुण्यात राहणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराचं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली पुस्तक लिहिलं. आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात म्हणून इतिहास तिथे बोट ठेवतो.

आता बघा. रुग्णाचं नाव छापलं, मग ते चुकीचं का असेना. बघणाऱ्यांची नावं आहेत, चित्रकाराचं आहे, नक्कल करणाऱ्याचं आहे. करणाऱ्याचं नाही. शस्त्रक्रियेला नाव पडलं 'भारतीय पद्धत'. एखाद्या माणसाऐवजी आख्ख्या देशाचं नाव लागलं की तो सन्मान वाटतो. पण जरा विचार करा, इटलीच्या बासिनीने हर्नियाची शस्त्रक्रिया काढली तेव्हा तिला कुणी 'इटालियन पद्धत' म्हणून सोडून दिलं नाही. नाव लागायला लेख लिहावा लागतो, लेख छापणारं कुणी लागतं, पदवी लागते. शिरोडकरांकडे ते सगळं होतं. पुण्याच्या त्या माणसाकडे मेण होतं, वस्तरा होता आणि कात होता.

वर्ध्यात बसून नाकाविषयी बोलतो आहोत तर कुष्ठरोग आठवल्याशिवाय राहत नाही. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं, पुढे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं मुख्य ठिकाणही वर्धाच झालं. कुष्ठरोगात बसलेल्या नाकाला पुण्याची पद्धत चालत नाही, कारण तिथे वरची कातडी शाबूत असते, आतलं अस्तर आकसलेलं असतं. वेल्लोरला पॉल ब्रँडने वाकड्या बोटांसाठी आणि मुंबईत जे.जे.मध्ये नोशिर अँटियांनी चेहऱ्यासाठी जे केलं तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. एवढंच सांगतो, कानाच्या कडेची एक शस्त्रक्रिया आज जगभर अँटिया-बुख या जोडनावाने ओळखली जाते. जोडनाव. हे फार क्वचित होतं.

आता परत बायकांकडे. आपल्या भागात "अंग बाहेर येणं" हा प्रकार घरोघरी माहीत आहे, आणि घरोघरी लपवलेला आहे. लहान वयात बाळंतपणं, दोन बाळंतपणांत अंतर नाही, बाळंतीण पंधरा दिवसांत शेतात, डोक्यावर भारा, हंडा. पिशवीला धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि पिशवी खाली उतरते. वय झालेल्या बाईची पिशवी काढून टाकतात. पण पंचवीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईचं काय? तिला अजून मूल हवं असतं. ही अडचण युरोपातल्या सर्जनपुढे क्वचित यायची, आपल्याकडे रोज. म्हणून पिशवी वर टांगण्याच्या शस्त्रक्रियांत भारतीय नावं एकदम गर्दी करतात. पुरंदरे, शिरोडकर, खन्ना.

शिरोडकरांनी इथेही एक पद्धत दिली. पट्टीने पिशवीचं तोंड मागे माकडहाडाच्या वरच्या कण्याशी बांधायचं. अवघड आहे, डाव्या बाजूला आतडं आडवं येतं, पण बसते नैसर्गिक जागी. खन्नांनी पट्टी कमरेच्या पुढच्या हाडाला बांधली, ते सोपं. मुंबईचे डॉ. व्ही. एन. पुरंदरे यांची कल्पना मात्र आम्हाला विलक्षण वाटते. त्यांनी पोटाच्या पुढच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या दोन पट्ट्या घेतल्या, पण बाहेरच्या टोकाला जोडलेल्याच ठेवल्या, आणि आतली टोकं खाली नेऊन पिशवीच्या तोंडाला शिवली. यात खुबी काय? बाई भारा उचलते तेव्हा पोटावर जोर येतो. याच जोराने एरवी पिशवी खाली येते. आता त्याच जोराने पोटाचे स्नायू आवळले की पट्ट्या ताणतात आणि पिशवी वर ओढली जाते. दोष आहेत, पिशवी पुढे झुकते, आवरण पातळ असेल तर धरत नाही. पण भारा उचलणं बंद कर असं बाईला सांगून उपयोग नाही, हे ओळखून केलेली ही शस्त्रक्रिया आहे असंच वाटतं.

आणि पुन्हा तेच लक्षात आलं ना? मांडीची चिंधी, पोटाच्या आवरणाची पट्टी. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी २००१ साली हर्नियाची पद्धत छापली, तिच्यातही कंपनीची जाळी नाही, रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी, एका बाजूने न तोडलेली. तिला आज देसर्डा म्हणतात. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी वेगळा रस्ता धरला. महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. लोक हसले असतील. पण २०१६ साली युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली, निकाल सारखेच आले. घरात जे आहे त्याच कापडाने ठिगळ लावायचं, गोधडी शिवणाऱ्या मुलखाची ही सवय असावी, असं आमच्यातल्या एकाने म्हटलं. दुसऱ्याने लगेच सांगितलं की मांडीचं आवरण जगभरचे सर्जन वापरत होते आणि शिरोडकरांकडे मुंबईच्या श्रीमंत बायकाही यायच्या. तेही बरोबर आहे.

शेवटचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं आणि विधिमंडळापर्यंत गाजलं. कित्येकींचं वय तिशी-चाळिशीचं. पिशवी वाचवण्याच्या तीन-तीन पद्धती ज्या राज्यातल्या पाठ्यपुस्तकांत आपल्याच माणसांच्या नावाने आहेत, त्याच राज्यात. टाका घालायला, टांगायला हात तयार लागतो, वेळ लागतो, नंतर बाईला पुन्हा पुन्हा बोलावून तपासावं लागतं. काढून टाकणं एका दिवसाचं काम. त्यामुळे तुमच्या घरात, शेजारी, कुणा तरुण बाईला "पिशवी काढा" असं सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दवाखान्यात दाखवा आणि सरळ विचारा, "काढायलाच हवी का? वर टांगता येते का?" नाव आठवलं तर नावाने विचारा. पुरंदरे म्हटलं तरी समोरच्याला कळेल.

इथे थांबू. मागे दोन जणींचे हात वर आहेत, आधी त्यांचे प्रश्न घेऊ.